भविष्य जाणणारी दासी आणि नऊ राजपुत्र

श्रोतेहो, राजगादीसाठीं सख्ख्या भावांनीं एकमेकांच्या जिवावर उठावें, ही गोष्ट मराठी श्रोत्यांस नवी नाहीं. इ. स. १७०७ सालीं औरंगजेब वारला आणि त्याचे मुलगे आग्र्याजवळ जाजौच्या रणांगणावर एकमेकांसमोर उभे ठाकले. त्याच वर्षीं शाहू महाराज मोगलांच्या कैदेंतून सुटून दक्षिणेंत आले आणि ताराबाईंच्या पक्षाशीं त्यांचा तंटा सुरू झाला. हीं प्रकरणें आपण शाळेंत असल्यापासून ऐकत आलों आहों. परंतु ठीक याच सुमारास हिमालयाच्या पलीकडे, बीजिंगच्या राजवाड्यांत, एका बापाचे नऊ पुत्र एकाच सिंहासनाभोंवतीं डाव मांडून बसले होते, हें आपणांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. चिनी लोकांनीं ही कथा गेल्या तीन शतकांत पुष्कळ वेळां आणि पुष्कळ परींनीं सांगितली. इ. स. २०११ सालीं ती एका निराळ्या युक्तीनें सांगण्यांत आली. त्या युक्तीसंबंधीं आणि तिच्यामागें असलेल्या खऱ्या इतिहासासंबंधीं आज चार शब्द बोलण्याचा विचार आहे.

या दूरचित्रवाणी-मालिकेचें नांव ‘बूबू जिंगशिन’. ‘पावलोपावलीं काळजाचा ठोका चुकविणारें’ असा त्याचा साधारण अर्थ करतां येईल. तोंग हुआ या लेखिकेची याच नांवाची कादंबरी २००५ सालीं वाचकांपुढें आली आणि तिच्या आधारानें रचलेली ही ३५ भागांची मालिका १० सप्टेंबर २०११ पासून हुनान प्रांताच्या वाहिनीवर दाखविण्यांत आली. कथेची नायिका झांग श्याओ ही आजच्या काळांतील नोकरी करणारी एक सामान्य तरुणी. एका अपघातांत ती बेशुद्ध होते आणि जागी होते ती थेट कांगशी बादशहाच्या कारकीर्दीच्या त्रेचाळिसाव्या वर्षांत, म्हणजे इ. स. १७०४ मध्यें! तिचा चेहरा तोच, परंतु आतां तिला सारे रुओशी या नांवानें हांक मारतात. ती एका मांचू सेनापतीची धाकटी मुलगी आहे आणि तिची थोरली बहीण आठव्या राजपुत्राची धाकटी पत्नी आहे. पुढें तिची निवड राजवाड्यांतील सेवेसाठीं होते आणि प्रत्यक्ष बादशहाला चहा देण्याचें काम तिच्याकडे येतें.

चीनमध्यें अशा काळ ओलांडणाऱ्या कथांचें त्या वेळीं इतकें पेव फुटलें होतें कीं, २०११ च्या वसंत ऋतूंत तेथील सरकारच्या दूरचित्रवाणी-खात्यानें त्यांच्याबद्दल उघड नापसंती व्यक्त केली. गंभीर इतिहासाची या कथा थट्टा करतात, असा त्या खात्याचा आक्षेप होता. आक्षेप अगदींच निराधार होता, असें म्हणवत नाहीं. गतकाळांत गेलेली नायिका सर्वांहून शहाणी ठरावी, तिनें राजेरजवाड्यांना दोन शब्द सुनवावे आणि सुखानें नांदावें, असल्या स्वस्त कल्पनांवर रचलेल्या कथा निघत होत्याच. मग ‘बूबू जिंगशिन’मध्यें असें काय आहे कीं, ती इतरांबरोबर विसरली गेली नाहीं? याचें उत्तर देण्यासाठीं प्रथम खरा इतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे.

कांगशी बादशहा सातव्या वर्षीं, इ. स. १६६१ मध्यें गादीवर आला आणि १७२२ पर्यंत, म्हणजे एकसष्ट वर्षें, त्यानें राज्य केलें. चीनच्या इतिहासांत इतकी दीर्घ कारकीर्द दुसऱ्या कोणाही बादशहाची नाहीं. तो पराक्रमी होता, विद्येचा चाहता होता आणि त्याची संततिही मोठी होती. जे क्रमानें मोजले गेले असे पुत्रच चोवीस. हें राजघराणें मांचू वंशाचें. मांचू लोकांत थोरल्या मुलानेंच गादीवर बसावें असा नियम नव्हता. घराण्यांतील वजनदार मंडळी एकत्र बसून त्यांतला समर्थ पुरुष निवडीत. कांगशीनें ही चाल सोडून चिनी रिवाज उचलला. पट्टराणी प्रसूतींत वारली होती. तिच्या मुलाला, यिनरेंगला, पुरतीं दोन वर्षेंही झालीं नसतां बादशहानें त्यास युवराज म्हणून जाहीर केलें. मायेपोटीं घेतलेला हा निर्णयच पुढच्या अनर्थाचें मूळ ठरला.

कारण उघड आहे. तीस वर्षें युवराज राहिलेल्या माणसाभोंवतीं त्याचें स्वतःचें असें एक दरबार जमतें, आणि बाप तर निरोगी असतो! युवराज अधीर होतो, बाप संशयी होतो आणि बाकीचे भाऊ दोघांमधली फट मोजूं लागतात. इ. स. १७०८ मध्यें शिकारीच्या दौऱ्यावर असतां कांगशीचा एक लहानगा मुलगा आजारी पडला. युवराजाला त्याचें कांहींच वाटत नाहीं, असें बापाला दिसलें. शिवाय रात्रीं तो बादशाही तंबूच्या फटींतून आंत डोकावतो, अशीही तक्रार झाली. बादशहानें सर्वांसमक्ष अश्रु ढाळीत त्याला युवराजपदावरून दूर केलें. त्यावर सर्वांत थोरल्या मुलानें काय करावें? यिनरेंगला ठार करावयाचें असेल तर आपल्या वडिलांना हात विटाळण्याची गरज नाहीं, असें त्यानें सुचविलें! बादशहा हादरून गेला. पुढें याच मुलानें लामांकरवीं युवराजावर जारणमारण केल्याचें उघडकीस आलें आणि त्याला जन्माची कैद झाली.

मग बादशहानें दरबाऱ्यांस विचारलें कीं, युवराज कोणास करावें? बहुतेकांनीं आठव्या राजपुत्राचें, यिनसीचें नांव घेतलें. हा पुरुष गोड बोलणारा, उदार आणि लोकप्रिय होता. परंतु त्याची आई दासीवर्गांतून आलेली होती. दरबार एकमुखानें एका मुलाच्या बाजूनें उभें राहतें, हें पाहून कांगशीस आनंद झाला नाहीं, भीति वाटली. ज्याच्या पाठीशीं सर्व मंत्री आहेत, तो बापाच्या मरणाची वाट पाहील, असें त्याला वाटलें असावें. त्यानें यिनसीला धुडकावून लावलें, १७०९ मध्यें जुन्या युवराजाला परत आणलें आणि १७१२ मध्यें पुन्हां कायमचें दूर केलें. त्यानंतर युवराज हें नांव काढण्याची कोणाची छाती राहिली नाहीं. १७१४ मध्यें यिनसीनें वडिलांकडे दोन ससाणे नजराणा म्हणून पाठविले. ते पोंचले तेव्हां मरणोन्मुख होते. हा अपशकुन कीं अपमान, याचा निवाडा करण्यास बादशहा थांबला नाहीं. तुझा माझा पितापुत्राचा संबंध संपला, असें त्यानें जाहीर केलें.

या सर्व गलबल्यांत चौथा राजपुत्र यिनझेन आपण त्या गांवचेच नव्हों अशा थाटानें बौद्ध ग्रंथ वाचीत बसला होता. त्याचा सख्खा, एकाच आईचा भाऊ, चौदावा राजपुत्र यिनती, याला मात्र १७१८ मध्यें सेनापति करून पश्चिमेकडे धाडण्यांत आलें. झुंगार टोळ्यांनीं आदल्या वर्षीं ल्हासा घेतलें होतें. तें १७२० मध्यें चिनी सैन्यानें परत मिळविलें. तेव्हां गादी यिनतीलाच मिळणार, असा अनेकांचा तर्क होता. परंतु २० डिसेंबर १७२२ रोजीं बीजिंगबाहेरच्या उद्यानगृहांत कांगशी वारला. राजधानीच्या शिपायांचा अधिकारी लोंगकोडो यानें बादशहाची अखेरची इच्छा सांगितली, आणि चौथा राजपुत्र योंगझेंग या नांवानें गादीवर बसला. यिनती त्या वेळीं शेंकडो कोस दूर होता.

लोकांनीं लगेच कुजबुज सुरू केली. ‘चौदावा पुत्र’ या अक्षरांतील दहाच्या आकड्यावर दोन रेघा ओढून त्याचें ‘चौथ्या पुत्रास’ असें रूप केलें, ही कथा आजही चीनमध्यें पोरासोरांच्या तोंडीं आहे. चिनी लिपींत दहाचा आकडा अधिक चिन्हासारखा असतो, म्हणून ही कल्पना चटकन् पटते. पण ती टिकत नाहीं. सरकारी कागदांत ‘चौथा शाही पुत्र’ अशी पद्धत होती. मधला दहा बदलला तर वाक्याचा अर्थच लागत नाहीं. ‘ला’ या अर्थाचें अक्षर त्या काळच्या दप्तरांत निराळ्या आणि अधिक क्लिष्ट रूपानें लिहीत. शिवाय असे कागद मांचू भाषेंतही लिहिले जात, आणि तेथें ही करामत चालत नाहीं. तथापि गादी न्याय्य रीतीनें मिळाली, असेंही यावरून सिद्ध होत नाहीं. कारण मृत्युशय्येजवळचा प्रसंग आपणांस कळतो तो मुख्यतः योंगझेंगच्याच पुढील लेखनावरून. ज्याला लाभ झाला तोच साक्षीदार! इतिहासकार म्हणूनच या प्रश्नावर आजतागाईत वाद घालीत आहेत.

गादीवर आल्यावर योंगझेंगनें जें केलें, त्यास मात्र पुरावा भरपूर आहे. भावांच्या नांवांतील ‘यिन’ हें अक्षर बादशहाच्या नांवांतलें म्हणून त्यांना तें बदलावें लागलें. सख्ख्या भावाला त्यानें वडिलांच्या समाधीच्या राखणीस बसविलें. दोघांची आई १७२३ मध्यें, मुलगा बादशहा झाल्यावर कांहीं महिन्यांतच, वारली. आठव्या आणि नवव्या भावांस राजवंशाच्या पटावरून काढून टाकून त्यांना हिणकस नांवें घेण्यास भाग पाडलें. लोकसमजुतीप्रमाणें त्यांचा अर्थ ‘कुत्रा’ आणि ‘डुक्कर’, जरी विद्वानांस तो मान्य नाहीं. दोघेही १७२६ मध्यें कैदेंत वारले. ज्यांच्या बळावर गादी सांवरली त्या न्येन गेंगयाओ सेनापतीस त्याच वर्षाच्या आरंभीं आत्महत्येची आज्ञा झाली, आणि लोंगकोडो १७२८ मध्यें कोठडींत मेला. सुखानें राहिला तो एक तेरावा भाऊ यिनश्यांग. तो बादशहाचा उजवा हात झाला आणि १७३० मध्यें वारला, तेव्हां त्याच्या नांवांतील ‘यिन’ हें अक्षर बादशहानें त्याला सन्मानानें परत दिलें.

श्रोतेहो, आतां मालिकेकडे वळूं. वर सांगितलेला सगळा इतिहास रुओशीला ठाऊक आहे. कोण बादशहा होणार, कोण कैदेंत सडणार, हें तिनें पुस्तकांत वाचलेलें आहे. ती राजवाड्यांतील एकटी अशी व्यक्ति आहे कीं, जिला उद्यांची खबर आहे. आणि तरीही तिच्याइतकें असहाय त्या वाड्यांत दुसरें कोणी नाहीं. येथेंच या कथेनें इतरांची वाट सोडली आहे. नायिकेचें ज्ञान हें येथें शस्त्र नाहीं. तें तिच्या पायांतली बेडी आहे.

प्रथम तिचें मन जडतें तें आठव्या राजपुत्रावर. तो सौम्य आहे, रसिक आहे आणि हरणारा आहे. ती त्याला एकच मागणें मागते: गादीचा नाद सोड. तो तें देऊं शकत नाहीं. दासीच्या पोटीं जन्मल्याचा सल ज्याच्या उरांत आहे, त्याला गादी म्हणजे निवळ सत्ता नव्हे, आपल्या आईच्या अपमानाचें उत्तर आहे. दोघांची ताटातूट होते. जातां जातां ती केवळ मायेनें त्याला सांगून जाते कीं, चौथ्या राजपुत्रापासून सावध राहा, आणि आणखी अमुक अमुक माणसांपासूनही. मालिकेच्या कथेप्रमाणें हीच सूचना ऐकून आठवा राजपुत्र चौथ्याविरुद्ध कट रचतो. त्या कटांत भावाला वांचविण्यासाठीं तेरावा राजपुत्र सारा दोष आपल्या अंगावर घेतो आणि दहा वर्षें बंदिवासांत काढतो. चौथ्याच्या मनांत जो सूड पेटतो, तोच पुढें आठव्याचा काळ होतो. अपाय टळावा म्हणून उच्चारलेला शब्दच अपायाचें कारण झाला!

आपल्याकडील कंसाची कथा आठवून पाहा. आठवा पुत्र तुझा वध करील, असें आकाशवाणीनें सांगितलें नसतें, तर कंसानें देवकीवसुदेवांस कोंडलें असतें काय, बालकें मारलीं असतीं काय, आणि मग त्या आठव्या पुत्राला तरी त्याचा वध करण्याचें कारण उरलें असतें काय? भविष्य कळलें म्हणून तें टळत नाहीं. पुष्कळदां कळल्यामुळेंच तें ओढवतें. कंसाला दुष्ट म्हणून मोकळें होतां येतें. रुओशीला मात्र तसें म्हणतां येत नाहीं, कारण तिच्या हातून घडलेला अनर्थ प्रेमांतून घडला आहे. ही गोष्ट तिला वर्षांनंतर आठव्या राजपुत्राच्या पट्टपत्नीच्या तोंडून कळते, तेव्हां त्या धक्क्यानें पोटांतील मूलही ती गमावते.

चौथ्या राजपुत्रावरील तिचें प्रेम हें याहून कठीण प्रकरण आहे. तुम्हांला गादी हवी आहे काय, असें ती त्याला सरळ विचारते, आणि ज्या वाड्यांत भिंतींनाही कान आहेत तेथें तो सरळ ‘हवी’ असें उत्तर देतो. ज्याच्या तोंडून सत्य बाहेर पडणें म्हणजे मान कापून देणें होय, त्यानें दिलेलें तें उत्तर हाच त्यांच्या प्रेमाचा पाया आहे. तेराव्याच्या सुटकेसाठीं ती पावसांत गुडघे टेकून बसते, तेव्हां तो येऊन तिच्याजवळ मुकाट्यानें भिजत उभा राहतो. पुढें बादशहा तिचा विवाह चौदाव्या राजपुत्राशीं ठरवितो. ती नकार देते, फटके खाते आणि कित्येक वर्षें राजवाड्याच्या धोबीखान्यांत कपडे धूत काढते.

परंतु प्रियकर बादशहा होतो, तेव्हांच प्रेमाची खरी परीक्षा होते. रुओशीची जिवलग मैत्रीण, तिच्याबरोबर सेवा करणारी युतान, ही नवव्या राजपुत्राची हेर असल्याचें उघडकीस येतें आणि बादशहा तिला अमानुष रीतीनें ठार करवितो. विश्वासघात खरा आहे, अपराध खरा आहे. तरी शिक्षा पाहून रुओशीच्या काळजांत जें तुटतें तें सांधलें जात नाहीं. हा पुरुष आपल्याला कधीं फसविणार नाहीं हें तिला ठाऊक आहे, आणि याच हातांनीं तो आपल्या माणसांना मारीत राहणार हेंही ठाऊक आहे. शेवटीं तीच राजवाडा सोडून चौदाव्याची पत्नी म्हणून निघून जाते. मरणसमयीं ती बादशहास एकदां भेटीस या म्हणून पत्र लिहिते. लोकांत बोभाटा नको म्हणून चौदावा तें पत्र आपल्या हस्ताक्षराच्या लिफाफ्यांत घालून पाठवितो. भावाचें अक्षर पाहतांच बादशहा चिडून तें तसेंच बाजूला टाकतो, आणि उघडतो तेव्हां ती या जगांत नसते. येथें कोणीच कपट केलें नाहीं. दोन भावांतील पंधरा वर्षांचा अविश्वास तेवढा त्या लिफाफ्यावर बसलेला होता.

खात्याचा आक्षेप होता कीं, अशा कथा इतिहासाची थट्टा करतात. या मालिकेनें इतिहासाचा एकही मोठा निकाल बदललेला नाहीं; जो हरला तो हरलाच, जो मेला तो मेलाच. रुओशी, तिची बहीण, तिची मैत्रीण हीं पात्रें काल्पनिक आहेत, आणि तेराव्याचा दहा वर्षांचा बंदिवासही कथेच्या सोयीनें रंगविलेला आहे. त्या काळांतील त्याच्या स्थितीबद्दल अस्सल कागद फार थोडें सांगतात. एवढें ध्यानांत ठेवून पाहिल्यास तिनें प्रेक्षकांस इतिहासापासून दूर नेलें, असें वाटत नाहीं. इतिहासाच्या पुस्तकांत ज्याचा उल्लेख ‘कैदेंत वारला’ एवढाच असतो, त्याला तिनें एक मन दिलें. हा ढांचा इतका पक्का निघाला कीं, २०१६ मध्यें कोरियांत तोच साधून, दहाव्या शतकांतील गोर्यो राजवंशाच्या राजपुत्रांवर, दुसरी मालिका रचण्यांत आली. देश बदलला, शतकें बदललीं, भाऊबंदकी तीच राहिली.

योंगझेंगच्या बाबतींत आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बापाचा घात केला, भावांना मारलें, असे आरोप त्याच्या हयातींतच लोक करूं लागले. १७२८ मध्यें झेंग जिंग नांवाच्या एका पंडितानें बंडाचा बेत केला. त्याच्या चौकशींत दिसून आलें कीं, हद्दपार झालेल्या भावांचे नोकरचाकर वाटेनें जातां जातां या कथा गांवोगांवीं पसरीत होते. बादशहानें काय करावें? त्यानें ते सर्व आरोप आणि आपलीं उत्तरें एका ग्रंथांत छापून देशभर वांटलीं! ज्यांनीं ती कुजबुज ऐकलीही नव्हती, त्यांनाही ती अशा रीतीनें अधिकृतपणें कळली. त्याचा मुलगा छ्येनलोंग गादीवर येतांच त्यानें हा ग्रंथ परत मागवून बंद केला, आणि १७७८ मध्यें दोन्ही चुलत्यांचीं नांवें राजवंशाच्या पटावर पुन्हां घातलीं. गादी जिंकणें एक आणि आपल्याविषयींची गोष्ट जिंकणें निराळें, हें योंगझेंगला कळलें, पण उमगलें नाहीं.

मात्र एक धडा तो निश्चित शिकला होता. १७२३ मध्यें त्यानें नियम केला कीं, वारसाचें नांव बादशहानें गुप्तपणें लिहून, पेटींत मोहोरबंद करून, राजवाड्यांतील मोठ्या फलकामागें उंचावर ठेवावें आणि तें बादशहाच्या मृत्यूनंतरच उघडावें. त्याप्रमाणें १७३५ मध्यें छ्येनलोंग बिनतक्रार गादीवर आला. वारस कोण हें कोणासही ठाऊक नसेल, तर भाऊ भावाचा गळा धरणार नाहीं, असा हा हिशेब. नऊ भावांच्या रक्तानें शिकविलेला हा शहाणपणा थोडक्यांत एवढाच कीं, कांहीं गोष्टी आधीं न कळण्यांतच माणसाचें कल्याण आहे. आणि उद्यां काय होणार हें पाठ असलेली ती चहा देणारी दासी, रुओशी, आपणांस दुसरें काय सांगते?